लॅपटॉपवर लाइव्ह साउंड : इंटरफेस घेताना काय बघायचं

साउंडच्या लाइनीत नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "दादा, लॅपटॉपवरच मिक्सिंग करायचंय, कुठला इंटरफेस घेऊ?" इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी आणि परत बाहेर काढणारी पेटी. मी म्हणतो, आधी स्टेजवर काय काय वाजणार ते कागदावर लिहून आण.

साधा भावगीतांचा कार्यक्रम धरा. तबल्याला दोन माइक, ढोलकीला दोन, हार्मोनियम आणि बासरीला एकेक, दोन गायक, एक निवेदक. नऊ झाले. दोन स्टिरिओ कीबोर्डच्या चार लाइनी, ऑक्टोपॅडच्या दोन, गिटारची एक. एकूण 16. आता गंमत बघा. कीबोर्ड तसा लाइन लेव्हलचा, म्हणजे तगड्या सिग्नलचा, पण स्टेजवरून मल्टिकोरने (अनेक लाइनी एकत्र नेणाऱ्या जाड केबलने) मागे येताना तो डीआय बॉक्समधून (सिग्नल माइकसारखा करणाऱ्या डबीतून) येतो, म्हणजे तुमच्यापर्यंत बारीक माइक लेव्हलच पोचते. त्यामुळे 16 च्या 16 चॅनलना माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग हवा.

खोक्यावरचा आकडा इथेच फसवतो. बेहरिंगर कंपनीच्या यूएमसी 1820 या इंटरफेसवर 18 इनपुट लिहिलेत, पण त्यात माइक प्रीअँप आठच. उरलेल्यांपैकी आठ ऑप्टिकल एडॅटचे आणि दोन एसपीडीआयएफचे. या दोन्ही डिजिटल जोडण्या, त्यांत माइक थेट लागत नाही. या वर्गातल्या बऱ्याच इंटरफेसचा हिशोब असाच असतो. आउटपुटही तसेच मोजा : मेन लेफ्ट-राइट, गायकांचे मॉनिटर (त्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर), तालवाद्यांचा वेगळा मॉनिटर, कोणी इन-इअर म्हणजे कानात घालायचा मॉनिटर मागितला तर तो. सहा-आठ अ‍ॅनालॉग आउट सहज लागतात.

आठाचे सोळा करायला एडॅटवर आणखी आठ प्रीअँपची पेटी जोडता येते. एडॅटची एक वायर 48 किलोहर्ट्झ सँपल रेटला (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) आठ चॅनल नेते, 96 ला चारच. त्यामुळे लाइव्हला 48 वरच राहा, मैदानात फरक कोणाला ऐकू येत नाही. मात्र दोन पेट्या जोडल्या की क्लॉकचा, म्हणजे नमुने कोणाच्या ठेक्यावर घ्यायचे याचा प्रश्न उभा राहतो. एकच पेटी मास्टर, दुसरी तिच्या मागे. दोन्ही आपापल्या क्लॉकवर चालल्या तर मधूनच टक् टक् आवाज येतो आणि माणूस तासभर केबली बदलत बसतो. इंटरफेसला मास्टर ठेवायचं असेल तर ऑप्टिकल वायर दोन्ही दिशांनी लागते. एकच असेल तर बाहेरच्या पेटीला मास्टर करा आणि इंटरफेसला एडॅटवर सिंक करा.

आता लेटन्सी, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून फिरून येताना होणारा उशीर. 48 किलोहर्ट्झला 128 सँपलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवतो तेवढा आवाज) म्हणजे 2.67 मिलिसेकंद, जाताना एकदा आणि येताना एकदा. त्यावर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरची भर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन मीटरवर स्टेजवर ठेवलेल्या वेज मॉनिटरचा आवाजही सहा मिलिसेकंद उशिरानेच कानात पडतो. म्हणून वेजवर गाणारे सहसा तक्रार करत नाहीत. इन-इअर लावलेला गायक करतो, कारण त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून आधीच पोचलेला असतो आणि दोन्ही मिसळून तो पोकळ लागतो. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा असिओ (कमी लेटन्सीचा) ड्रायव्हर नसेल तर तो इंटरफेस लाइव्हसाठी विसरा. जेनेरिक ड्रायव्हरवर घरी रियाज करा. आरएमई कंपनीच्या इंटरफेसला लोक जास्त पैसे मोजतात ते बऱ्याच अंशी ड्रायव्हरसाठीच.

एकदम खूप चॅनल नेणाऱ्या डिजिटल पद्धतीही आहेत : मॅडी 48 किलोहर्ट्झला 64 चॅनल नेतं, दांते नेटवर्कच्या केबलवर चालतं, पण नवख्याने एवढ्यात तिकडे जाऊ नये. दांतेचं व्हर्च्युअल साउंडकार्ड (पेटीशिवाय लॅपटॉपला दांतेला जोडणारं सॉफ्टवेअर) स्वस्त म्हणून मोह होतो, पण त्याची सगळ्यात कमी सेटिंगच चार मिलिसेकंदांची आहे. रेकॉर्डिंगला आणि ट्रॅक वाजवायला उत्तम, गायकाचा आवाज त्यातून फिरवून मॉनिटरला द्यायला नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीत शुद्ध इंटरफेस घेऊच नका. बेहरिंगरच्या एक्सआर 18 सारखा यूएसबी असलेला डिजिटल मिक्सर बघा : 16 माइक प्रीअँप, सहा ऑक्स (मॉनिटरसाठीचे वेगळे आउट), आणि आवाज सुधारणारे ईक्यू-कॉम्प्रेसर मिक्सरच्याच आत. लॅपटॉपवर 18 चॅनल येतात-जातात. लॅपटॉप मध्येच लटकला तर ट्रॅक थांबेल, पण गायकाचा माइक चालूच राहील. शुद्ध इंटरफेसच्या रिगमध्ये तेव्हा अख्खा मंडप गप्प होतो. प्लगइनची (लॅपटॉपमधल्या इफेक्टच्या सॉफ्टवेअरची) हौस नंतर भागवा.

तरीही इंटरफेसच घेणार असाल तर विजेचं बघा. जनरेटर क्षणभर डळमळला तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण इंटरफेस बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. त्याला छोटा यूपीएस द्याच. सुरू करताना आधी इंटरफेस, शेवटी अँप. बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसतो. चार्जर लावल्यावर हमिंग आलं तर आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका. माइक गायकाच्या ओठांना लागलेला असतो, शॉक थेट तिथेच बसेल.

विकत घेण्याआधी भाड्याने आणा. वायफाय बंद, विंडोजचे अपडेट बंद, सगळे चॅनल आणि सगळे प्लगइन चालू करून अख्ख्या कार्यक्रमाइतका वेळ चालवा. मग चालू गाण्यात यूएसबीची वायर उपटा, परत लावा, आणि आवाज यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा.