वेताआधीच ओळखा गाईचा स्वभाव

मांसासाठी सांभाळलेल्या कळपातली गाय रोज धारेला हाताखाली येत नाही. तिला माणसाची सवय कमीच. एरवी लांब राहणारी गाय व्यायल्यावर वासराजवळ गेलेल्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून वेतं सुरू होण्याआधी गुरं खोड्यात (जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीत) घ्याल, तेव्हाच प्रत्येकीचा स्वभाव वहीत टिपा. खोड्यात शांत उभी राहिली तर १ गुण, धडका देऊन उड्या मारल्या तर ५. सुटल्यावर चालत गेली की उधळली, तेही लिहा. एका वेळेवरून मत बनवू नका.

ब्राह्मन ही वशिंडाच्या गुरांची जात आणि तिचे संकर अँगस-हेरफर्ड या विलायती जातींपेक्षा साधारणपणे लवकर बुजतात. पण एकाच जातीच्या दोन गाईही सारख्या नसतात.

खरं ओळखायचं ते बुजरी कोण आणि मारकी कोण. बुजरी मान वर करून पळायला वाट शोधते. मारकी वाट मोकळी असूनही तुमच्याकडे वळते, मान खाली घालते, फुस्कारते, माती उकरते. ‘अवघड’ म्हणून बदनाम झालेल्या बऱ्याच गाई नुसत्या बुजऱ्या असतात. तिथे बदलायची ती आपली वागणूक. गाईला जवळजवळ सभोवार दिसतं, पण शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. तिथून जाऊ नका. खांद्याच्या मागच्या बाजूने तिरकं, सावकाश जवळ गेलात की ती पुढे सरकते. खांद्याच्या पुढे आलात की थांबते किंवा मागे फिरते. तिने पाऊल उचललं की लगेच थांबा, हवं तर मागे सरा. एवढं केलं की काठी आणि आरडाओरड बरीचशी लागतच नाही. बिथरलीच तर २०-३० मिनिटं सोडून द्या. एकटी मात्र काढू नका, सोबत दोन-तीन गाई ठेवा. एकटं पडलेलं जनावर फार घाबरतं.

नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या कानात बिल्ला मारताना गाय आणि तुमच्यामध्ये फाटक किंवा गाडी हवीच. गाय आणि वासरू यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका, कुत्रं लांब ठेवा, एकट्याने जाऊ नका.

शांत गाय एकाएकी मारकी झाली तर तो स्वभाव नव्हे, आजार समजा. कोवळ्या हिरव्या चाऱ्यावरच्या, नुकत्याच व्यायलेल्या गाईत मॅग्नेशियम कमी पडलेलं असू शकतं आणि त्यात जनावर काही तासांत दगावतं. लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल तर रेबीजचीही शंका घ्या. तोंडात हात घालू नका, ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवा.

तापटपणा काही अंशी रक्तातूनच उतरतो. अशी जनावरं वजन कमी धरतात, आणि कापण्याआधी फार ताण झाला तर मांस काळपट पडतं. त्यामुळे वाट मोकळी असून धावून येणारी गाय कितीही चांगलं वासरू देत असली, तरी वासरू दुधावरून तुटलं की तिला कळपातून काढा. तिची कालवड पैदाशीला ठेवू नका, आणि गाय घेऊन जाणाऱ्याला तिचा स्वभाव आधीच सांगा.