घरची बिअर विमानातून नेताना

केबिन बॅगेत बिअर सहसा नेता येत नाही, बहुतेक विमानतळांवर 100 मिलीच्या वरचं द्रव सिक्युरिटीलाच अडतं. म्हणजे बाटल्या चेक-इन सामानातच जाणार. उंचीवर बाटली फुटेल ही भीती मात्र बहुतेक वेळा फुकाची. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, आणि बाटलीत आधीच असलेल्या गॅसच्या दाबापुढे तो फरक किरकोळ. खरा धोका दोनच: बॅगांची आदळआपट आणि अर्धवट आंबलेली बिअर. साखर शिल्लक असेल तर गरम ठिकाणी बाटलीत गॅस वाढतच राहतो. अशी बॅच घरीच ठेवा.

प्रत्येक बाटलीवर जाड लोकरी मोजा चढवा, मग ती झिपच्या पिशवीत घालून हवा काढून टाका. मोजा धक्का झेलतो, आणि फुटलीच तर पिशवी कपडे वाचवते. बाटल्या बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे, आणि काच काचेला कुठेही लागता कामा नये. भरून झालं की बॅग जोरात हलवा. खणखण ऐकू आली तर पुन्हा उघडा. (मी दोनदा उघडतोच.)

वजनही बघा, अर्धा लिटरची भरलेली काचेची बाटली किलोच्या आसपास जाते. 24 टक्क्यांखालच्या मद्याला विमानसुरक्षेच्या नियमांत सहसा अडचण नसते, पण विमान कंपनीचे आणि उतरायच्या ठिकाणच्या कस्टम्सचे नियम वेगळे, ते आधी वाचा. बाटलीवर नाव, अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

पोचल्यावर लगेच उघडू नका. गाळ ढवळलेला असतो. दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा.