घरातलं दुखणं कथेत मांडताय? या चुका टाळा

रात्रीची वेळ. बाहेर पाऊस, लाइट गेलेली. आई कंदिलाची वात वर करते आणि तीस वर्षांत जे कुणालाच सांगितलं नाही ते मुलाला सलग दोन पानं सांगते. सीमाभागातल्या नवोदितांच्या कथा मी बरीच वर्षं वाचतोय. ही आई मला इतक्यांदा भेटलीय की कंदील दिसला की मी पानं उलटतो.

घरातलं दुखणं लपून राहतं, कारण कुणीतरी ते रोज लपवत असतं. त्याला वेळ जातो, खोटं बोलावं लागतं, कधी पदरचे पैसेही जातात. ही लपवाछपवी लिहा. पण नव्या लेखकाला दम नसतो. त्याला पहिल्याच पानावर रडू हवं असतं.

बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. अशाच एका मंडपामागं खानापूरकडच्या एका पोरानं मला वही दिली. बाप दारुडा, आई मार खाते, शेवटी कंदील. मी विचारलं, "सकाळी बाटली कोण उचलतं?"

तो जरा गोंधळला. "आज्जी. शेणी थापायला जायच्या आदी उचलत्या."

"टाकते कुठं?"

"टाकत नाही, सर. गावातल्या भंगारवाल्याला दिली तर तो मोजतोय की. पिशवीत साठवत्या आणि आत्याकडं जाताना बसमधनं नेत्या. वाजू नयेत म्हणून मधी जुनी लुगडी घालत्या."

"आणि आत्या?"

"ती त्या लुगड्यांची वाकळ शिवत्या. बाटल्यांचं काय विचारत नाही."

त्या वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, अरे, कथा ही आहे, आज्जीच्या पिशवीपासून सुरू कर. तर म्हणाला, "पण सर, यात भांडण कुठं हाय?" नाराज होऊन गेला. पुढं त्यानं कंदिलाचीच कथा एका दिवाळी अंकाला पाठवली म्हणे. छापूनही आली.

माझी स्वतःची एक सवय सांगतो, पटली तर घ्या. लिहायला बसण्याआधी एका कागदावर घरातली माणसं मांडायची. कुणाला ठाऊक आहे, कुणाला ठाऊक असून नसल्यासारखं वागायचंय, आणि गल्लीत कुणाला कितपत कळलंय. मग प्रत्येकाच्या हाताला काम द्यायचं. निपाणीची विडी वळणारी बाई घ्या. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मनगट मुरगळलंय हे तिनं सांगायची गरजच नाही, शेजारीण "आज सातशेच?" म्हणाली की झालं. आणि लाइट घालवायचीच असेल तर वडगाव-शहापूरच्या विणकर गल्लीत घालवा. यंत्रमाग चालू असतात तोवर कुणाचं भांडण कुणाला ऐकू जात नाही. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि एकाच घरातला चढलेला आवाज तेवढा मागं उरतो. तिथं अंधाराला काम आहे.

दुसरी चूक खास आपल्याकडची, आणि ती पाहून मला जास्त चीड येते. दोन भाऊ, मधे भिंत, आणि ती भिंत म्हणजे सीमा. एक भाऊ कर्नाटक, एक महाराष्ट्र, आई म्हणजे बेळगाव. टाळ्या मिळतात, मान्य. पण त्या घरात मग माणूस शिल्लक राहत नाही, सगळे फलक धरून उभे असतात.

सीमा घरात शिरते ती कागदातून. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, पण त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्याआधी चंदगडला दिलेली लेक त्याच जिल्ह्यात नांदत होती. नंतर ती परराज्यातली झाली, माहेर न हलता. आता बेळगावकडूनच आलेल्या तिच्या सुनेची गोष्ट लिहा. बाप गेला, भावांनी बोलावलं. सब-रजिस्ट्रार कचेरीत हक्कसोडीचा कागद पुढं आला, तो कन्नडमध्ये. ती मराठी शाळेत सातवी झालेली. "नुस्ती सही कर गं, उताऱ्यावर नावं चढवायची हायत," म्हणून भाऊ म्हणतो, आणि त्याच दिवशी तिला चांगलं लुगडं घेतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे भाऊ घाई का करतोय ते वाचकाला कळतं. तिलाही कळत असतं, बरं का. सही केली नाही तर दिवाळीला बोलावणं येणार नाही, हा तिचा हिशेब असतो. तिला अडाणी करू नका. ती कागद न वाचता सही करते, कारण वाचला तर नाही म्हणावं लागेल.

या प्रसंगात सीमाप्रश्नावर एक वाक्यही बोलायला नको. मोर्चा दाखवायचाच असेल तर १ नोव्हेंबर सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस म्हणून पाळतात, त्या दिवशी घरातलं कोण जातं आणि कोण दुखण्याचं निमित्त करून पडून राहतं, एवढं दाखवा.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. १९७५ च्या कथेतली सून चारशे अठ्ठ्याण्णव-अ लावायची धमकी देते. सासरच्या छळाचं ते कलम १९८३ साली आलं. बेळगावच्या शेतकऱ्याच्या हातात सातबारा देऊ नका, इथं कर्नाटकात त्याच्या जागी आरटीसीचा उतारा असतो. मोलकरीण तेवढी बेळगावी बोलते आणि घरमालकीण पुण्याची भाषा, हे तर बंदच करा. घरची बाईसुद्धा "मी आलो, मी सांगितलो" असंच म्हणते. बेळगाव दाखवायचं म्हणून प्रत्येक पाहुण्यापुढं कुंदा ठेवू नका. आठ वर्षांचं पोर कथा सांगत असेल तर त्याला तत्त्वज्ञान सुचू देऊ नका. त्याला वहिनीच्या बंद खोलीपेक्षा आपली हरवलेली गोटी मोठी वाटते.

मानसिक आजाराला नाव द्यायची घाईही नको. मधल्या काकाला काय झालंय हे घर कधीच सांगत नाही. "धारवाडला दाखवून आणलंय" एवढंच म्हणतं, तिथल्या मनोरुग्णालयाचं नाव काढत नाही, आणि मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की काकाला शेतातल्या घरी पाठवतं. तो जेवणाचा डबा कोण पोचवतं ते बघा.

शेवट सुचत नाही म्हणून बाईला विहिरीत ढकलणारे तर ढीगभर. मरणाच्या तपशिलाची चव घेणाऱ्या कथा मी अर्ध्यात सोडतो. लिहायचंच असेल तर तेराव्यानंतरचं घर लिहा. "पाय घसरला" हे वाक्य आधी कुणी उच्चारलं, आणि बाकीच्यांनी ते पाठ कसं केलं.

राहिला एक प्रश्न, जो सगळे कानात विचारतात: घरच्यांनी ओळखलं तर? नुसती नावं बदलून भागत नाही. धंदा बदला, भावंडांचा क्रम बदला, थोरल्याची खोड धाकटीला द्या. गावही बदला, पण बेळगुंदीचं उचगाव करून थांबू नका. दोन्हीकडं तुमच्याच पाहुण्यांची घरं असतात.