बाळाला पहिल्यांदा दाणे देताना

आमच्या सासूबाईंचा नियम होता, वर्षाच्या आत पोराला दाणे नाहीत. माझाही तोच समज होता. पण लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या ‘लीप’ अभ्यासाने २०१५ साली उलटंच दाखवलं: ४ ते ११ महिन्यांच्या वयात सुरू करून नेमाने शेंगदाणा खाल्लेल्यांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी.

अंगावर जबर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर, मग दाणे.

नाहीतर, पेज-वरण पचायला लागलं की दाणे भाजा, सालं पाखडा, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा. रवाळ कूट नको. अख्खा दाणा तर नाहीच, घशात अडकतो. दोन चमचे लगदा दोन-तीन चमचे गरम पाण्यात कालवून निवू द्या. मी पहिल्यांदा पाणी घातलंच नाही. लेकीच्या टाळूला ते असं चिकटलं की बिचारी जीभच काढत बसली!

सर्दी-ताप नसलेला दिवस, सकाळची वेळ. चमच्याच्या टोकाएवढं चाटवा, दहा मिनिटं थांबा, मग बाकीचं. पुढचे दोन तास झोपवू नका. गांधी, सुजलेले ओठ, उलट्या दिसल्या तर थांबून डॉक्टरांना फोन. श्वास घरघरला तर थेट हॉस्पिटल.

सगळं ठीक? मग आठवड्यातून तीनदा. आता सासूबाईच वार लक्षात ठेवतात.