मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

"२, ३, ५, ७, ११, १३... कशानेच भाग जात नाही, म्हणजे मूळ संख्या." हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मी आधी एवढंच विचारतो: वर्गमूळ काढलंस का?

वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. त्यापुढे जायची गरज नाही, पण अलीकडे थांबायची मुभाही नाही. मी एकदा थांबलो होतो. संख्या होती १२३४५६७८९. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग गेला आणि उरले १३७१७४२१. मग कॅल्क्युलेटर आणि मूळ संख्यांची छापील यादी घेऊन बसलो. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. यादी ३५७१ ला संपली. ती पाचशेवी मूळ संख्या. प्रत्येक वेळी बाकी उरली होती, म्हणून वहीत 'मूळ' लिहून मोकळा झालो. वर्गमूळ मात्र ३७०३ च्याही किंचित वर होतं. यादीनंतरची चौथीच मूळ संख्या ३६०७, आणि ३६०७ × ३८०३ = १३७१७४२१. फक्त चार भागाकार राहिले होते! त्यापायी पुढचं सगळं चुकलं. विभाजक १२ ऐवजी ६ आले, त्यांची बेरीजही चुकली.

तेव्हापासून पहिल्या भागाकाराआधी पानाच्या कोपऱ्यात वर्गमूळ लिहून त्याला गोल करतो. एखादा अवयव सापडला की उरलेल्या संख्येचं वर्गमूळ नव्याने काढायचं, जुनं खोडायचं.

भाग गेला की त्याच संख्येने पुन्हा भागून बघा. घातांक इथेच निसटतात.

दुसरी चूक घाईची. संख्या सरळ स्प्रेडशीटमध्ये टाकायची आणि दिसेल ते खरं मानायचं. एक्सेल १५ च अंक सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. १२३४५६७८९०१२३४५६७ टाका, शेवटचे ६७ जाऊन ०० येतील. मूळच्या अंकांची बेरीज ७३, ३ ने भाग जात नाही. बदललेल्या संख्येची ६०, आता जातो! विषम संख्या सम झाली ती वेगळीच. मी अशी कामं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करतो, तिथे पूर्णांकाचे अंक कापले जात नाहीत.

४ आणि ६ ने भाग जातो म्हणून २४ ने जाईलच असं नाही. १२ घेऊन बघा.

१ ही मूळ संख्या नाही.

फर्माच्या कसोटीवर एकटीवर विसंबू नका. विषम मूळ संख्येहून एकने कमी इतका २ चा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागलं की बाकी १ उरते, म्हणून बाकी १ आली की संख्या मूळ असावी असं ही कसोटी मानते. पण २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागलं की बाकी १ च उरते, आणि ३४१ म्हणजे ११ × ३१.

"अवयव दाखवा, तरच संयुक्त मानतो" हा हट्टही सोडा. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी १८७६ मध्ये एकही अवयव हाती नसताना सिद्ध केलं. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव अमेरिकन गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.