जुनं घ्यायचं, पण पारखून

मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात काटकसर जागेपासून सुरू होते. ‘कधीतरी लागेल’ म्हणून माळ्यावर कोंबलेल्या वस्तूने ना पैसा वाचतो, ना कचरा कमी होतो. म्हणून आमच्या लालबागच्या घरात जुनी वस्तू आणण्याआधी मी दोन गोष्टी ठरवते: ती कुठे राहणार, आणि इथलं काम संपलं की कोणाकडे जाणार. दोन्हीचं उत्तर नसेल तर फुकट मिळाली तरी नको.

जुन्यात घेण्यासारखी सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे बिडाचा तवा. भंगारवाल्याकडे किंवा चोर बाजारात तो गंजलेला दिसला की लोक पुढे जातात. गंजाला घाबरू नका, तडा मात्र बघा. तवा कानाशी धरून एका बोटावर लटकवा आणि नाण्याने टिचकी मारा. खणखणीत घुमला तर घ्या, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. मग सपाट लादीवर ठेवून डुगडुगतो का पाहा, आणि बुडाला खोल खड्डे नाहीत ना ते बोट फिरवून तपासा.

घरी आणल्यावर जाड मीठ आणि लिंबाची फोड घेऊन गंज घासा, हट्टी असेल तर तारेचा काथ्या वापरा. धुतल्यावर फडक्याने पुसून थांबू नका, लगेच गॅसवर ठेवा, कारण आपल्या दमट हवेत ओल्या बिडाला बघता बघता लाली चढते. कोरडा झाला की तेलाचा अगदी पातळ हात द्या, जादा तेल पुसून घ्या आणि धूर येईपर्यंत तापवा. निवू द्या, पुन्हा तेच करा. तीन-चार वेळा झालं की रंग काळाभोर होतो. घावनं घालण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. पहिली एक-दोन चिकटली तरी धीर धरा, पुढची आपोआप सुटतात. सुरुवातीचे काही आठवडे त्यात टोमॅटो-चिंचेचं काही शिजवू नका, आंबटाने तेलाचा थर निघून जातो.

कपड्यांत माझा जीव सुती कापडात. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी खर्च होतं असा जागतिक वन्यजीव निधीचा अंदाज आहे. टँकरची वाट बघणाऱ्या शहराला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. मुलांचे कपडे तर मी आधी जाऊबाईंकडे, नणंदेकडे मागते. मागण्यात कमीपणा कसला? मुलं सहा महिन्यांत उंच होतात, कापड तसंच धडधाकट राहतं. घेताना काखेतली शिवण, गुडघे, चेन आणि इलॅस्टिक बघा. कापड उजेडासमोर धरा. घड्यांच्या रेषेवर विरलेलं दिसलं तर ते अंगात घालायचं उरलेलं नाही, पुसायचं झालं.

साडी मात्र लगेच बोहारणीच्या गाठोड्यात टाकू नका. जरीच्या आणि सिंथेटिक साड्यांवर ती भांडं देते, तिथे घासाघीस जरूर करा. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी ठेवून घ्या, तिच्यासारखं दुपटं बाजारात मिळत नाही. पदर आणि काठ वेगळे करा, विरलेला भाग काढून टाका, उरलेल्या कापडाचे चार थर एकावर एक अंथरा, कडेने टाचून घ्या आणि बारीक धावदोरा घालत कडेपासून आत या. काठाचे पिशव्यांना छान बंद होतात. राज्यात 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी भाजीवाल्यापुढे खिशातून कापडी पिशवी काढायला ती आधी घरात असावी लागते!

अभ्यासाची पुस्तकं माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, इतर वाचन फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. अभ्यासक्रम बदललाय का ते आधी शाळा-कॉलेजात विचारून जा, आणि मधली पानं चाळा.

काही गोष्टी जुन्या घ्यायच्याच नाहीत: हेल्मेट, गॅसची नळी, कुकरची रिंग, गादी. विजेची वस्तू दुकानात लावून चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. लाकडी खुर्ची-पलंग उलटा करा आणि सांध्यांत टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, कितीही स्वस्त असली तरी उचलू नका. भर पावसाळ्यात लाकूड आणि पुस्तकं मी टाळतेच, कारण ओल आत मुरलेली असते आणि वाळवायला ऊन नसतं.

खरा हंगाम दिवाळीच्या साफसफाईचा. त्या दिवसांत पितळी डबे, चिनी मातीच्या बरण्या, स्टीलची पिंपं थेट भंगाराच्या गाडीवर चढतात. म्हणून दसरा झाला की आमच्या मजल्याच्या ग्रुपवर मी लिहून टाकते: काढायला घेतलंत की गाडीवाल्याला हाक मारण्याआधी मला हाक मारा, आणि तुम्हाला काय हवंय तेही सांगा.