जुनी शिशाची गोळी ओळखताना या चुका टाळा

नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईबद्दल (२६-२७ नोव्हेंबर १८१७) भरभरून बोलणारी माणसं नागपुरात कमी नाहीत. पण शिशाच्या गोळ्यांचा विषय निघाला, की ठरावीक चुका होतातच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मऊ गोळी मागासलेली आणि कडक गोळी प्रगत असं धरून चालणं. त्या काळच्या इंग्रजी फौजेच्या ठासणीच्या मस्केट बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असायची. व्यास सुमारे १९ मिमी आणि गोळी त्याहून जवळपास दीड मिमी लहान. अशा सैल बसणाऱ्या गोळीला मऊ शिसं पुरेसं होतं. पुढे १८४९ ची मिनिए गोळी (आट्यांच्या नळीच्या रायफलची पोकळ बुडाची गोळी) तर मुद्दाम मऊ ठेवावी लागे. बार उडाला की तिचं पोकळ बूड फुगायचं आणि नळीतल्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) घट्ट बसायचं. शिसं कडक असतं तर ते फुगलंच नसतं. नंतर वेग वाढला, मऊ शिसं आट्यांना चिकटू लागलं, तेव्हा कुठे शिशात दुसरा धातू मिसळण्याची गरज पडली. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री या इंग्रजी रायफलच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. म्हणून गोळी मऊ लागली एवढ्यावरून ती १८१७ ची ठरवू नका.

दुसरा गैरसमज 'पाणी देण्याचा'. पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, तसं शुद्ध शिसं होत नाही. ठोकूनही नाही, कारण साध्या तापमानालाच त्याचे स्फटिक नव्याने जुळतात. पाण्याचा गुण येतो तो अँटिमनी (एक ठिसूळ, धातूसारखं मूलद्रव्य) मिसळलेल्या शिशाला, त्यातही किंचित आर्सेनिक असेल तर जास्त. विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये पेटंट घेतलेल्या छर्ऱ्यांच्या पद्धतीत मात्र आर्सेनिकचं मुख्य काम वेगळं: उंचावरून पडणारा वितळलेल्या शिशाचा थेंब गोल करणं. खालचं पाणी छर्रे न चेपता झेलण्यासाठी. हे दोन वापर सर्रास एकत्र केले जातात.

कथील आणि अँटिमनीचीही अशीच गल्लत होते. कथिलाने साचा नीट भरतो, थोडा कडकपणा येतो. अँटिमनी त्याहून कडक करतं, पण जास्त झालं की गोळी ठिसूळ होते.

आणि कृपा करून नखाने ओरखडून पाहू नका! वरचा राखाडी थर गोळीला जपतो, तो गेला की गेला. लाकडी पेटी किंवा साधा पुठ्ठ्याचा डबाही नको. त्यांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिशावर पांढरी पूड धरते. ही पूड विषारी असते. घासू नका, फुंकू नका, हातमोजे घालून गोळी घट्ट झाकणाच्या पॉलिथिन डबीत ठेवा.